बाकीचं पुढच्या रविवारी

मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. माहेरी यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली, लग्नानंतर नवऱ्याने हात टेकले. पण खून कोणी केला आणि शेवटी कोण कोणाला भेटलं, हे एकदा कळलं की मगच मी निवांतपणे पहिल्या पानाकडे वळते. अशा बाईला सुरतेत घरमालक मिळाला तो असा, की ज्याने कुणाला कुठलीही गोष्ट कधी पुरी दिली नाही. जोड्या वर जमतात म्हणतात, त्यात घरमालक-भाडेकरूंच्याही धरत असावेत.

कतारगामातल्या एका सोसायटीत त्यांचं घर होतं. खाली ते एकटे, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. नवरा इच्छापोरच्या कारखान्यात होता, कंपनीच्या बसने सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. मी एका मराठी शाळेत शिकवायचे. सामान लावून होतंय तोवर हे घरमालक काका वर आले आणि उघड्या दारात उभे राहून "हॅलो" म्हणाले. कुठल्याही घरात शिरताना ते आधी "हॅलो" म्हणत आणि आतून कुणी उत्तर दिल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. मधेच आत पाणी आणायला गेले तर सांगून जायचे, "लाइन चालू ठेवा हं."

त्यांनी आम्हाला खाली चहाला नेलं. चहा सुरेख होता, आल्याचा, पण कप अर्धाच भरलेला. मला वाटलं, विधुर माणूस, दूध कमी पडलं असेल. मग पाहिलं तर गॅसवरच्या पातेल्यात चहा होताच.

"काका, तो उरलाय वाटतं," मी म्हटलं. पहिल्या भेटीत असं बोलू नये, पण चहाच्या बाबतीत मी भिडस्त नाही.

"तो उरलेला नाही, मास्तरीणबाई. तो उद्याचा," काका म्हणाले. "उद्या ताजा करीन. पण अर्धा कप तुमचा माझ्याकडे बाकी आहे, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. अर्धा कप मिळाला. बाकी तशीच राहिली.

सगळ्याच गोष्टींत हे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सगळी सुरत घारी नावाची तुपाळ मिठाई खाते, त्या दिवशी काका घारीचा अर्धा तुकडा हातावर ठेवत आणि उरलेला खायला सकाळी या म्हणत. पेपर मागितला तर मधली पानं काढून बाहेरची देत. गोष्टी सांगण्यात तर हातखंडा. आफ्रिकेहून आलेला ट्रंककॉल भलत्याच घरी जोडला गेला आणि तिकडच्या नवरदेवाने भलत्याच मुलीला होकार देऊन टाकला, ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. "मग?" मी विचारलं. काका चप्पल शोधायला उठले. "बाकीचं पुढच्या वेळी." त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि आता मला वाटतं की ते काकांनाही माहीत नसावं.

ही झाली कॉम्प्युटर येण्यापूर्वीची गोष्ट.

कॉम्प्युटर आला तेव्हा सोसायटीतली निम्मी माणसं बघायला जमली. तेव्हा तो बँकेत असायचा, काचेच्या खोलीत असायचा. घरात आणि तोही पेन्शनवाल्या माणसाच्या घरात, म्हणजे अजबच. सोबत दोन काळे स्पीकर, एक माइक, आणि बटण दाबलं की जीभ काढावी तसा बाहेर येणारा सीडीचा ट्रे. काकांनी बाजारातून जॉर्जेटचा जरीकाठी तुकडा आणून त्याला साडी शिवून घेतली होती. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की त्या खोलीत यायचं तर चपला बाहेर, पाय धुवायचे, आणि नुसते धुवायचे नाहीत तर पुसायचे. दारात त्यासाठी पंचा टांगलेला असे.

"याच्यावर पिच्चर दिसतो," काकांनी जाहीर केलं. "रविवारी दुपारी या सगळे."

शेजारच्या कोकिळाबेन खळखळून हसल्या. त्यांचे यजमान हिऱ्याच्या कारखान्यात होते आणि घरी भला मोठा रंगीत टीव्ही होता. "काका, अमारुं टीवी तो आनाथी मोटुं छे!"

खरंच होतं ते. काकांचा मॉनिटर केवढासा, त्यावरचं चित्र जरा हललं की चौकोन चौकोन व्हायचं आणि नटीचं नाक क्षणभर गालावर जायचं. शिवाय घरोघर केबल आली होती. एकेकाळी सोसायटीत एकच टीव्ही होता तेव्हा रविवारी त्याच्यासमोर अख्खी सोसायटी बसायची म्हणे. आता ज्याचं त्याचं दार बंद आणि आतून तोच तो सिनेमा ऐकू येई. तरीही पहिल्या रविवारी नवलाई म्हणून लोक आले. पाय धुवून, पुसून, चटयांवर बसले. काकांनी साडी उतरवली, घडी घातली. सदऱ्याच्या टोकाने सीडी मधून बाहेर अशी पुसली, ट्रेमध्ये ठेवली आणि माऊसवर हात ठेवून "हॅलो" म्हणाले. सिनेमा सुरू झाला.

सिनेमा बरा होता. जुळे भाऊ, जत्रेत हरवलेली बहीण, पांढऱ्या सुटातला दुष्ट माणूस. बहिणीचं लग्न त्याच दुष्टाशी ठरतं, मांडव पडतो, धाकटा भाऊ मोटारसायकलवरून निघतो, आणि पडदा काळा झाला. तेव्हा एक सिनेमा दोन सीड्यांवर यायचा, हे आम्हाला माहीत होतं. दुसरी सीडी टेबलावर दिसत होती. काकांनी ती उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

"बाकीचं पुढच्या रविवारी."

जो गलका झाला! असं कुठे असतं का, म्हणत कोकिळाबेन तर उभ्याच राहिल्या. "काका, आवुं ते कंई होय?"

"थेटरात इंटरवल असतो का नाही?"

"दहा मिनिटांचा असतो!" मी ओरडले.

"माझा आठवड्याचा आहे," काका म्हणाले आणि कॉम्प्युटरला साडी नेसवायला लागले.

मी त्या आठवड्यात काकांना भरपूर नावं ठेवली. पण सोमवारी नळावर कोकिळाबेननी मला गाठून विचारलं, मोठ्या भावाला खरं कळलं असेल का? मंगळवारी पाटीलभाऊंनी, कळलं असणारच, असा निकाल दिला. पाटीलभाऊ म्हणजे काकांच्या भिंतीला भिंत लागून राहणारे त्यांचे जुने मित्र. दोघेही खानदेशातून एकाच सुमारास सुरतेला आलेले. पाटीलभाऊ लूमच्या कारखान्यात मुकादम होते, आणि जन्मभर मागांच्या खडखडाटात बोलल्यामुळे गुपितसुद्धा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. बुधवारी त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं त्या मोटारसायकलवरून चांगलंच वाजलं. ज्या माणसाशी आम्ही तोवर फक्त नमस्कार-चमत्कार करत होतो, त्याच्याशी भांडण! रविवारी आम्ही दोन वाजल्यापासून पाय धुवायला रांगेत उभे होतो.

आणि मग ती पद्धतच पडली. एका रविवारी अर्धा, दुसऱ्या रविवारी उरलेला. मी एकदा दुसरी सीडी गुपचूप आणायला बाजारातल्या सीडीच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "बेन, त्या काकांनी ती दोन्ही आठवडे स्वतःकडेच ठेवलीय. आणि तुम्ही याल हेही सांगून गेलेत."

त्या दुकानदाराच्याच गोंधळामुळे एक रविवार अमर झाला. पहिल्या भागात गरीब मास्तराची मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा इन्स्पेक्टर, आणि तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन. पट्टी सुटायची तेवढी राहिली होती. आठवडाभर आमचा एकच विषय, तिला दिसणार का. रविवारी काकांनी दुसरी सीडी लावली आणि पडद्यावर एक नागीण नाचायला लागली. मुलगी नाही, इन्स्पेक्टर नाही, दवाखानाही नाही.

"आ तो बीजी ज फिलम छे!" कोकिळाबेन म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी दिलगिरी व्यक्त करून सगळ्यांना घरी पाठवलं असतं. काकांनी मागे वळून भरलेल्या खोलीकडे पाहिलं. माणसं चटईवरून उठायच्या बेतात होती. ते झटकन म्हणाले, "बसा, बसा! पट्टी सुटली ना तिची, मग तिला हे दिसतंय."

मग पाटीलभाऊ गरजले, "बरोबर शे! डॉक्टरनी कोना डोळा बसाडा व्हतीन?"

म्हणजे डॉक्टरने डोळे कुणाचे बसवले असतील! झालं. नागिणीचे. पुढचे दोन तास काका निवेदन करत होते. जटाधारी साधू आला तेव्हा तो वेषांतर केलेला इन्स्पेक्टर ठरला. त्याने पुंगी काढली तेव्हा माझा नवरा, जो साधारणपणे हसत नाही, तो चटईवर आडवा झाला. मी हसून हसून रडले. इतका चांगला सिनेमा मी त्यानंतर पाहिलेला नाही, आणि त्या दोन्हींचे खरे शेवट काय होते याची मला जरासुद्धा पर्वा वाटली नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

एका दुपारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरीच होते. खालून कोकिळाबेनची हाक ऐकू आली, "ए शाकवाळा! ऊभो रहे!" मलाही भेंडी हवी होती, म्हणून पिशवी घेऊन खाली गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कोकिळाबेनच्या दाराला कुलूप होतं आणि मग मला आठवलं, त्या नवसारीला बहिणीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात पुन्हा हाक आली. ती काकांच्या घरातून येत होती.

काका कॉम्प्युटरसमोर बसले होते. स्पीकरमधून कोकिळाबेनची हाक आली, मग पाटीलभाऊंचा तो सबंध गल्लीला परिचित असलेला खोकला, मग नळाच्या भांड्यांचा आवाज, मग एक बाई वरच्या मजल्यावरून नवऱ्याला डबा विसरल्याबद्दल झापत होती. ती मी होते.

"काका! हे काय?"

ते दचकले नाहीत. खुर्ची सरकवून मला बसायला दिली. माइक खिडकीत ठेवून त्यांनी हे सगळं भरून घेतलं होतं. कुणी या माइकवर भजन म्हणून घेतं, कुणी पोरांची गाणी. काकांनी गल्ली भरून घेतली होती.

"तुम्ही तेव्हा इथे नव्हता," ते म्हणाले. "प्लेगच्या वेळी."

ते प्लेगबद्दल एरवी बोलत नसत. तेव्हा सुरत रिकामी झाली होती, हे आम्ही आमच्या गावी पेपरात वाचलं होतं. जो तो मिळेल त्या गाडीने पळाला. काकांना पळता येत नव्हतं, एक्स्चेंज चालू ठेवायचं होतं. सगळी दुनिया एकमेकांना फोन करत होती. ते लागोपाठ ड्यूटी करून, तोंडाला रुमाल बांधून एका सकाळी घरी आले, तर सोसायटीत दारोदार कुलपं. काकू आधीच वारल्या होत्या. मुलगा नंदुरबारला. आणि भिंतीपलीकडचे पाटीलभाऊही गेलेले.

"त्याचं चुकलं नाही. लहान पोरं होती घरात. मी असतो तरी त्याला जा म्हटलं असतं," काका म्हणाले. मग आवाज खाली गेला आणि ते आपल्या घरच्या बोलीत गेले. "पन सांगी ते जातास. कोनीच सांगं नही. मी घर मजार बठनू नि भितडाले कान लावा. खोकला बी नही."

मला त्यांची अहिराणी सगळी कळायची नाही, एवढी कळली. सांगून तरी जायचं होतं. भिंतीला कान लावला, तर खोकलासुद्धा नाही.

"प्लेगला मी भ्यायलो नाही, बाई. कुलपांना भ्यायलो. तेव्हा ठरवलं, माणसाचं काहीतरी आपल्याकडे अर्धं ठेवायचं. ज्याचं अर्धं राहिलं, तो येतो."

मी तिथेच बसून राहिले. भेंडी कसली आणि काय. त्या दिवशी काकांनी चहा केला, अर्धा कप, आणि मी पातेल्याकडे पाहिलंही नाही.

त्यांचा मुलगा नंदुरबारला बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. मनाने चांगला, पण हिशेबी बोलणारा. काका एकदा न्हाणीघरात घसरून पडले तेव्हापासून तो मागे लागला होता, आता एकटं राहायचं नाही, नंदुरबारला चला. काकांचं त्यावर एकच उत्तर असे, "मी एकटा कुठे आहे? एखाद्या रविवारी येऊन बघ. बसायला जागा मिळणार नाही तुला."

आणि तो खरंच आला. रविवार गाठून आला. आदल्या रविवारी एका नव्या कोऱ्या सिनेमाचा पहिला भाग झाला होता आणि आम्ही सगळे तर्क करून थकलो होतो. पण मधल्या शनिवारी केबलवाल्याने तोच सिनेमा, सबंध, आपल्या चॅनलवर लावला. घरोघर टीव्ही चालूच होते. कुणी मुद्दाम पाहिला असं नाही, समोर आला म्हणून पाहिला. आम्ही दोघं त्या दिवशी एका लग्नाला गेलो होतो, म्हणून राहिलो. रविवारी खाली उतरलो तर खोलीत काका आणि त्यांचा मुलगा. चटया अंथरलेल्या. पंचा दारात कोरडा. कॉम्प्युटरची साडी उतरवून घडी घातलेली.

काका थोड्या थोड्या वेळाने दाराकडे बघत. मी धावत कोकिळाबेनकडे गेले, तर त्यांच्याकडे पाहुणे बसलेले. पाटीलभाऊ कुठेतरी गेलेले. मी परत आले तेव्हा मुलगा अगदी हळू म्हणत होता, "बाबा, चला आता."

त्याने टोमणा मारला असता तर काका भांडले असते. तो मायेने बोलला, म्हणून ते हरले. त्यांनी दुसरी सीडी न लावताच कॉम्प्युटर बंद केला.

बातमी कळली तेव्हा सोसायटी हळहळली. पाटीलभाऊ तर काकांच्या पायरीवर येऊन बसले आणि काही बोलेचनात, आणि पाटीलभाऊ बोलत नाहीत हे भयंकर वाटत होतं. निघण्यापूर्वीच्या रविवारी काकांनी शेवटचा सिनेमा लावला. खोली इतकी भरली की माणसं ओसरीवर बसली. कुठल्याशा ढिगातून काढलेला जुना सिनेमा, काळा-पांढरा, त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. केबलवाला तो सात जन्मांत लावणार नव्हता. नदीकाठचं गाव. मनाविरुद्ध लग्न ठरलेली एक मुलगी हळदीच्या अंगाने पळून येते आणि नावेत बसते. नावाडी तिला ओळखत नाही. तो वल्हं उचलतो, आणि काठावरून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं. ती मान वळवते. पडदा काळा.

काकांनी सीडी बाहेर काढली.

"काका, आज तरी!" मी म्हटलं. "तुम्ही परवा जाताय!"

"बाकीचं पुढच्या रविवारी."

"पुढच्या रविवारी तुम्ही नंदुरबारला असाल!"

"मग? सुरतेहून गाडी नाही का जात तिकडे?" असं म्हणून काका साडी नेसवू लागले. पाठ आमच्याकडे होती. ती काही केल्या नीट बसत नव्हती.

टेम्पोत सामान गेलं, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला. खाली कुलूप लागलं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी जिन्यावरून पाहिलं तर पाटीलभाऊ त्या बंद दाराच्या पायरीवर बसले होते. थोड्या वेळाने कोकिळाबेन आल्या. मग आम्ही उतरलो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. हाक कोणी मारली असेल, यावर बोलणं सुरू झालं. कोकिळाबेनच्या मते आईने. पाटीलभाऊंच्या मते नवरदेवानेच. माझा नवरा म्हणाला, नावाड्याच्या बायकोने, आणि मग आम्ही त्याला तास दोन तास नावाड्याला बायको असल्याचा पुरावा मागत बसलो.

दुसऱ्यांचं मला माहीत नाही, मला झोप येईना. मी कतारगामातली सीडीची दुकानं पालथी घातली, चौकबाजारापर्यंत जाऊन आले. तो सिनेमा कुणाकडेही नव्हता. शेवटी मीच म्हटलं, "मी रविवारी नंदुरबारला जातेय. ज्यांना यायचंय त्यांनी या."

सगळे आले. कोकिळाबेननी डबाभर ठेपले घेतले, पाटीलभाऊंनी घारी. गाडी रडतखडत तापीच्या बाजूबाजूने गेली. मी गाडीतच सांगून ठेवलं होतं, शेवट बघितल्याशिवाय मी तिथून उठणार नाही, काका काही म्हणोत.

घर शोधत आम्ही गल्लीत शिरलो. दुपारची वेळ, सगळं सामसूम. पाटीलभाऊ पुढे होते, ते एकाएकी थांबले. एका खिडकीतून कुणीतरी खोकत होतं.

"हाऊ ते मना खोकला शे!" पाटीलभाऊ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले असतील.

मग खिडकीतून "ए शाकवाळा! ऊभो रहे!" आलं, आणि कोकिळाबेननी पदर तोंडाला लावला. नळाची भांडी वाजली. मी नवऱ्याला डब्यावरून झापलं. आम्ही सगळे त्या खिडकीखाली आपापले आवाज ऐकत उभे होतो आणि कुणाच्याच्यानं दार वाजवेना. शेवटी मीच दारात गेले आणि म्हणाले, "हॅलो?"

आतला आवाज बंद झाला.

काकांनी दार उघडलं. एकेकाकडे पाहिलं, पाटीलभाऊंकडे जास्त वेळ. "आते हाई लावानी गरज नही," एवढंच म्हणाले. आता ते लावायची गरज नाही. आणि आम्हाला पाय धुवायला पाणी दाखवलं.

चहा झाला, अर्धा अर्धा. मुलगा आमच्याशी जरा अवघडून बोलत होता. बाबा रोज दुपारी हे आवाज लावून बसतात, म्हणाला, इथे सिनेमा बघायला कुणी येत नाही, मलाही दुकानामुळे वेळ होत नाही. काकांनी साडी उतरवली. तीच जरीकाठी. नावाडी, नदी, हाक. हाक मुलीच्या बापाने मारली होती, आणि ती तिला अडवायला नव्हती, हे कळल्यावर पाटीलभाऊ उघड उघड डोळे पुसायला लागले. मुलगा दुकानाची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. केव्हा तरी तो चटईवर बसला. शेवट जवळ आला. नाव नदीच्या मध्यावर. या काठी बाप उभा, त्या काठी ज्याच्यासाठी ती पळाली तो. नावाडी विचारतो, "बोल पोरी, कुठे नेऊ?" मुलगी तोंड उघडते.

काकांनी माऊस दाबला. चित्र थांबलं.

"गाडीची वेळ झाली तुमच्या," काका म्हणाले. "बाकीचं पुढच्या रविवारी."

"अहो बाबा!" हे आम्ही नाही, मुलगा ओरडला. "लावा की! मी तर घरातला आहे, मला कुठे गाडी आहे?"

"तू बी थांब," काका म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. माऊसवरचा हात त्यांनी उचलला नव्हता आणि ते दाराकडे बघत होते, त्या रिकाम्या रविवारी बघत होते तसेच. मी पिशवी उचलली.

"चला," मी म्हटलं, "गाडी चुकेल."

स्टेशनवर पोचवायला बापलेक दोघेही आले. मुलाने कोकिळाबेनना नंदुरबारच्या मिरच्यांची पिशवी दिली. गाडी हलता हलता तो खिडकीशी आला आणि जरा लाजत त्याने मला विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना नक्की?" मागे काका वेळापत्रकाचा बोर्ड वाचत असल्यासारखे उभे होते.

"येणार तर," मी म्हटलं. "आमचं अर्धं राहिलंय तुमच्याकडे."

आम्ही गेलो, पुष्कळदा गेलो. दर वेळी काकांनी नवा सिनेमा काढला आणि ती नाव नदीतच राहिली. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सिनेमाचं नाव मला पाठ आहे, फोनवर शोधला तर मिनिटात सापडेल. नवरा म्हणतो, बघून टाक एकदाचा. मी त्याला म्हणते, पुढच्या रविवारी.